नानांची चौथी भिंत

चहा गार झाला तरी चालेल, पण हे ऐका. मी तेव्हा शिरपूरला तहसिलीत कारकून होतो. निवडणुकीच्या सल्लागार समितीवर कुठल्याच पक्षाचा नसलेला एक माणूस हवा होता आणि संध्याकाळपर्यंत त्याचं नाव धुळ्याला पोचवायचं होतं. त्याआधी चार दिवस वणवण केली होती. जो भेटला तो कुणाचा तरी निघाला.

शेवटी मला निवृत्त मास्तर नानांची आठवण झाली. तहसीलदार साहेबांना जीपमधून त्यांच्या गावी नेलं, तर घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर एका पक्षाचं हे एवढं चिन्ह रंगवलेलं.

साहेब म्हणाले, "गाडी वळवा."

मी म्हटलं, बाजूच्या भिंती तरी बघू. घराला वळसा घातला, तर डावीकडे दुसऱ्या पक्षाचं चिन्ह, उजवीकडे तिसऱ्याचं.

तेवढ्यात नाना बाहेर आले. साहेब उखडलेच. "तुम्ही नक्की कुणाचे?"

"जो येस त्याले एक भित देस, साहेब. कोनलेच नही म्हनत नही."

"आणि मत?"

"ते मी घरमा बी सांगत नही. मांगली भित रिकामी शे. तुमनी समितीनं नाव लिखी टाका."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. फॉर्म आम्ही त्याच भिंतीला टेकवून भरला.