आजारपणाच्या पाटल्या

रोह्याच्या स्टँडवर पेणची गाडी येईना, तसे रहिमाचे कान बाकावरच्या दोघींकडे वळले.

"पाटल्या घालून कुणाच्या लग्नाला गो, काशीबाय?"

"लग्नाला नाय, इस्पितळात! पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन हाय माझं!"

"आणि हसतेस काय?"

"आमचा निलेश धाटावच्या कंपनीत पर्मनंट झाला ना! कंपनीनं आईबापाचापण विमा काढलाय. आता पाटल्या मोडायला नकोत!"

"तुझ्या सासूच्या ना त्या?"

"व्हय. आजारपणासाठी ठेवलेल्या. कुणाला हात लावू द्यायची नाय."

"मग तिच्या आजारपणात कशा वाचल्या?"

"दुखतंय म्हणून म्हातारी शेवटपर्यंत बोललीच नाय गो... ऊठ ऊठ, गाडी लागली! आज ह्या पाटल्यांसंगं तिलापण नेते इस्पितळात."