कड सुटल्यावरची उडी

—नाही नाही, सुधारणा आहे. तेच तर सांगतेय मघापासून. तुमच्या कंपनीला कळवलं होतं तसंच, हळूहळू आहे, पण आहे. बसा ना. खुर्चीवरची ती वायर टाका खाली, काही होत नाही तिला. जरा हळू बोलतेय, कारण नवरा आत झोपलाय—जेवण झालं की झोपतो. तर तुम्ही शेवटच्या भागाचं विचारत होतात. होईल. तेवढा एक भाग सोडला तर गेम झालेलाच आहे की आमचा. आता तो भाग त्याच्या डोक्यात आहे, हे खरं. कागदावर काही नाही. त्याने कधी कागदावर रेघ मारलीच नाही हो, गेममधली अख्खी खाण डोक्यात घेऊन फिरायचा, भाजी चिरता चिरता म्हणायचा, अगं, तिसऱ्या पातळीवरून सरळ पहिल्या खोलीत उतरता येईल, एक भिंत फोडली की झालं. मित्र त्याला 'नकाशा'च म्हणायचे. नाव घेऊन कुणी हाक मारली तर मलाच क्षणभर कळायचं नाही, कुणाला बोलावतायत.

तुम्ही खेळत नाही, नाही का? करारांचं बघता. मग सांगते, अवघड नाहीये. एक छोटासा माणूस आहे, माझ्या नखाएवढा—त्याला मी तोंडसुद्धा काढलेलं नाही, नुसता हातात कंदील दिलाय—तो बंद पडलेल्या खाणीत उतरतो. खाण आपल्याला बाजूने दिसते, भिंत कापून आत बघावं तशी. रंग मोजकेच, चित्रं ठोकळ्याठोकळ्यांची. पूर्वीच्या यंत्रांना जास्त झेपायचं नाही म्हणून तशी असायची, आता सगळं झेपतं तरी आम्ही तशीच काढतो, आमच्या लहानपणाची हौस, दुसरं काय. तर हा माणूस चालतो, उड्या मारतो, आणि मध्येच त्याला उंचावर एक कपार दिसते. तिथे काही पोचता येत नाही. जाऊ दे म्हणून तो दुसरीकडे जातो, खूप भटकतो, आणि कुठेतरी खोल त्याला स्प्रिंगचे बूट सापडतात. मग खेळणाऱ्याला आठवलं पाहिजे—अरे, ती कपार राहिली होती की! आपण सांगायचं नाही, हं. त्याचं त्यालाच आठवायला हवं. आठवलं की माणूस इतका खूश होतो ना, की खुर्चीत ताठ बसतो. आणि जे दाखवलं तिथे कधी ना कधी पोचता आलंच पाहिजे, हा आमच्या नकाशाचा हट्ट. एकदा मी नुसती शोभेला वर एक पायवाट रंगवली, तर दोन दिवस धड बोलला नाही माझ्याशी. म्हणे, तू लोकांना खोटी आशा लावतेस.

आणि उडी! पाय कडेवरून सुटला, म्हणजे खरं तर माणूस पडायलाच लागलाय, तरी पापणी लवेपर्यंत आपण उडी मान्य करायची. सगळेच करतात तसं, जुनी युक्ती आहे. खेळणाऱ्याला पत्ता लागत नाही, त्याला वाटतं आपणच वेळेवर मारली. ती सवलत किती द्यायची, यावर हा आठवडाभर बसला होता. जास्त दिली तर माणूस हवेत चालल्यासारखा दिसतो, कमी दिली तर खेळणारा चिडतो. मी म्हटलं, अरे, कुणाला कळणार आहे? तर म्हणाला, कळू नये म्हणूनच करतोय.

मग एक दिवस दूध आणायला गेला होता, कोपऱ्यावर. उशीर झाला म्हणून मी खिडकीतून बघितलं, तर आपल्याच इमारतीसमोर उभा, हातात पिशवी, आणि इस्त्रीवाल्याला आपल्याच घराचा पत्ता विचारतोय. मला हसू आलं हो आधी. वाटलं, थट्टा करतोय. इस्त्रीवाल्याने हाताला धरून वर आणलं तेव्हा हसू गेलं. मेंदूत रक्त साकळलं होतं. डॉक्टर म्हणाले, जागा ओळखायचं जे केंद्र असतं, नेमकं तेच. तसा चालतो, बोलतो, दाढी स्वतःची स्वतः करतो. पण पलंगावरून उठला की न्हाणीघर कुठल्या अंगाला आहे ते सापडत नाही. भिंत चाचपत उभा राहतो. मी हाक मारली की आवाजाच्या रोखाने येतो.

व्यायाम शिकवायला बाई येतात, त्यांनीच सुचवलं, सवयीचं काहीतरी खेळू द्या. मला तर काय, आनंदच झाला. आमचाच गेम लावून दिला, कंट्रोलर हातात ठेवला. बोटं बरोबर पडली, बरं का! बोटांना सगळं येत होतं. पहिल्या खोलीत एक खड्डा आहे—त्यात पडलं तरी मरत नाही, वर यायला पायऱ्या आहेत, तिथेच माणूस उडी शिकतो. पडला, वर आला, आणि असा हसला... म्हणाला, "कुणी केलंय हे? करणाऱ्याला खेळणाऱ्याची काळजी आहे. तुम्ही ओळखता का त्यांना?" मी म्हटलं, ओळखते. "मग एकदा भेटवा मला," म्हणाला.

काय झालं? असं काय बघताय? 'तुम्ही' ना? ते—थट्टेत म्हणतो तो कधी कधी. आमच्यात चालायचं तसं.

तर काय सांगत होते... हं, पहिली खोली. दुसरी खोली काही त्याला गाठता येईना. उजवीकडे गेला की डावीकडून आपण आलो हेच विसरायचा, परत मागे, परत त्याच खड्ड्यात. रोज नव्याने पडायचा, रोज नव्याने कौतुक. मला बघवेना. म्हणून मी एक प्रत बाजूला काढली आणि सोपी करत गेले. खड्डा बुजवला. कपार खाली आणली. वटवाघळं काढून टाकली. तरी जमेना, तेव्हा भिंतीवर एक बाण रंगवला, इकडे जा म्हणून. बाणांचा त्याला पहिल्यापासून राग. म्हणायचा, बाण काढावा लागला म्हणजे आपण हरलो. पण मी म्हटलं, आता त्याला कुठलं आठवायला. बाणापाशी आला आणि थांबला. बराच वेळ बघत राहिला. मग कंट्रोलर माझ्या हातात दिला, अगदी सभ्यपणे, आणि म्हणाला, "इथे दुसऱ्या कुणाचा तरी हात लागलाय." त्यानंतर पुन्हा हात लावला नाही. मी मूळची प्रत लावून दिली, तीही नको म्हणाला. म्हणजे बघा, स्वतःचा हात ओळखला त्याने. माझाही परका म्हणून ओळखला. फक्त मला...

पाणी देऊ तुम्हाला? नको?

सुधारणा नाहीये. डॉक्टरांनी तर पावसाळ्याआधीच सांगितलं होतं, आहे ते असंच राहील किंवा याहून कमी होत जाईल. मीच कळवत राहिले तुम्हाला, थोडं थांबा, थोडं थांबा. हा पेनड्राइव्ह घ्या. सगळं यात आहे, त्याने ठेवलं तसं. मी बिघडवलेली प्रत यात नाही. तुमचा तो दुसरा माणूस करेल म्हणताय ना पुरा? करू दे. चांगला आहे म्हणता, असेल. शेवट त्याला सुचेल तो करू दे, मला दाखवायला आणू नका. आणि नवऱ्याला काही विचारायला आत जायचं म्हणाल तर नका जाऊ, त्याच्याकडे काही राहिलेलं नाही. मी विचारून बघितलंय. खूप वेळा विचारलं. 'कुठली खाण?' म्हणतो.

थांबा, एक मिनिट—

उठला. ऐकलंत ना? 'सिस्टर' म्हणतो मला. दवाखान्यातच आहोत असं वाटतं त्याला अजून. आता विचारेल, घरून कुणी आलं का. माझी बायको यायची होती, म्हणेल. मी सांगते, निघाल्यात, येतीलच इतक्यात. मग उशीवर मान टेकून वाट बघत पडतो, केस नीट करून वगैरे.

आले हो, आले!

तुम्ही निघा आता. हे मला तुमच्यासमोर नाही सांगता यायचं.