दिनकरदादाच्या प्रोग्रॅममधली एक ओळ

मंडळी, वहिनी, सुरेखाताई, आणि मालक, तुम्हीसुद्धा ऐका. मी सुभाष. दिनकरदादासंगं कारखान्यात नऊ वर्षं एकाच टेबलावर सोल्डरिंग केलं. परवा दादा त्याच्या शाहूपुरीतल्या दुकानातच छातीत कळ येऊन गेला. म्हणून या शोकसभेत बोलायला उभारलोय.

आत्ता चौघं बोलून गेले. दादा हसतमुख होता, दादा मनमिळाऊ होता. होता की! पण असला कारागीर गेली तीन वर्षं शाहूपुरीत मिक्सर दुरुस्त करत का बसलता, ते एकानंबी सांगितलं न्हाय. मी सांगतो.

आमच्या कारखान्यात पत्रा कापायच्या प्रेस हायत. दादानं त्यांच्यासाठी मीटर बनवलं. थांबायचं बटण दाबलं की सिग्नल चढतो, प्रेस खरंच थांबली की उतरतो. त्या सिग्नलची रुंदी, म्हणजे मधला वेळ, चिपमधला टायमर मोजतो. वेळ वाढला म्हणजे ब्रेक झिजला. पण टायमरची मोजायची हद्द ठरलेली. ती संपली की जुन्या स्कूटरच्या किलोमीटरच्या आकड्यागत तो पुन्हा शून्यावर. म्हणून दादानं इंटरप्ट लावलता. टायमर शून्यावर आला की चिपनं हातातलं काम सोडायचं आणि एक फेरी मोजायची.

मी म्हणलो, "दादा, ही फेरी कायम शून्यच दाखवतीया. कशाला ठेवलीय?"

"ब्रेक नवा हाय तवर शून्यच येणार, लेका. ती झिजलेल्या ब्रेकसाठी हाय. हात लावू नकोस."

मी लावला. दादा रजेवर गेलता. मालकांना मीटरच्या पडद्यावर कारखान्याचं नाव झळकायला पायजे होतं, आणि चिपमध्ये जागा न्हवती. मी फेरी मोजायची ओळ काढली आणि नाव घातलं.

वर्षभरानं ब्रेक झिजला. वेळ हद्दीच्या पुढं गेला, टायमर शून्यावर येऊन पुन्हा मोजायला लागला, आणि मीटरनं हद्दीच्या वरचा तेवढाच वेळ दाखवला. अगदी थोडका. सगळे म्हणले, ब्रेक झकास हाय. एक दिवस प्रेस वेळेत थांबली न्हाय, आणि सुरेखाताईंची दोन बोटं गेली.

चौकशी? कसली चौकशी! मीटर दिनकरचं, चूक दिनकरची. तसं लिहून दादाला कामावरनं काढल्याचा कागद नोटीसबोर्डावर लागला. मी तो वाचला आणि डबा खायला गेलो. मालक, त्याच दिवशी मी तुम्हाला खरं सांगितलतं. काय म्हणलता? "गप बस, नोकरी जाईल." मी गप बसलो. तीन वर्षं बसलो. लाज वाटते, मंडळी.

दादाला माहीत होतं का? व्हय. एकदा दुकानात गेलतो. वर न बघताच म्हणला, "सुभ्या, फेरी काढलीस न्हवं?" मी मान खाली घातली. त्यानं माझ्यासाठी चहा सांगितला. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पुन्हा तिकडं फिरकलो न्हाय.

वहिनी, तुमचा माणूस चुकला न्हवता. मी चुकलो. आज सकाळी हे सगळं लिहून, खाली सही करून, मी त्याच नोटीसबोर्डावर लावलंय. मालक, तुम्हाला ते फाडायचं असंल तर फाडा. दुसरी प्रत सुरेखाताईंच्या हातात हाय.

आता दादासाठी दोन मिनिटं सगळे गप उभारूया. गप बसायची सवय हायच आपल्याला, आज उभारून गप राहू.

मालक, आधी तुम्ही. उठा.