शाल, श्रीफळ आणि फ्रेंच

हसू नका, पण कादंबरीकार म्हणून माझा सत्कार झालाय. तोही कादंबरी न लिहिता.

गेला उन्हाळाभर मी नाशिकच्या घरात दार लावून बसलो होतो. ढीगभर पुस्तकं अर्धवट वाचली, मोबाईलवर फ्रेंच शिकलो आणि कादंबरीचा आराखडा म्हणून भिंतभर रंगीत चिठ्ठ्या चिकटवल्या. आई मात्र नातेवाइकांना सांगत सुटली, "कादंबरी लिहितोय तो! फ्रेंचही येतं त्याला!"

त्यातच सटाण्याला मामेभावाचं लग्न आलं. मंगलाष्टकं झाल्यावर मामांनी माईक घेतला. "आमचे भाचे, सुप्रसिद्ध कादंबरीकार!" शाल, नारळ, टाळ्या. तेवढ्यावर भागलं असतं, पण मामा पुढे म्हणाले, "आता ते वधूवरांना फ्रेंचमध्ये शुभेच्छा देतील."

मला येत होतं तेवढं मी गंभीर आवाजात म्हटलं. मांजर दूध पिते, माझी छत्री लाल आहे. मांडव टाळ्यांनी दणाणला.

नवरीचे खांदे हलत होते. मला वाटलं, भरून आलं असेल. तिने मान वर करून फ्रेंचमध्ये काहीतरी विचारलं. मला ओ की ठो कळलं नाही. मी "मेर्सी" म्हणालो.

जेवताना ती जिलेबी वाढायला आली.

"भाऊजी, मी विंचूरला वाइन कंपनीत आहे. फ्रेंच पाहुण्यांना मीच फिरवते."

मी ताटात बघत विचारलं, "मघाशी काय म्हणालात?"

"कादंबरी कुठवर आली, असं विचारलं. तुम्ही आभार मानलेत."

शेजारी आई जेवत होती. ती कौतुकाने म्हणाली, "मग सांग ना रे तिला, कुठवर आली!"