निळी खूण

कर्जतला चौक गावाच्या जीपच्या रांगेत माझ्यापुढे दोघं उभी होती. ट्रेकचं बुकिंग घेणारी.

“श्रद्धा, सगळ्या टीमचा एकच मेल आयडी कशाला केलास गं?”

“एकाच पाहुण्याला दोघंदोघं उत्तरं देत होतो, म्हणून. आता आपापल्या पासवर्डनं आत यायचं आणि ज्यानं मेल घेतला, त्यानं आपल्या रंगाची खूण लावायची. राजेश, तुझी हिरवी, माझी पिवळी.”

“आन् निळी?”

“पोशादादांची. ते वारल्यावर मीच त्यांचा पासवर्ड बंद केला.”

“मंग पुण्याच्या पाहुण्यांना उत्तर कोणी दिलं? ‘रविवारी ओढ्याच्या वाटेनं जाऊ नका.’ त्यावर निळी खूण हाय.”

“मला वाटलं, तूच दिलंस.”

“मी नाय. आन् रविवारी ओढ्याला केवढं पाणी आलं, बघितलंस ना?”

“राजेश, आज सकाळी अजून एक आलाय. पाहुण्यांना नाही, आपल्याला.”

“काय लिवलंय?”

“‘दोघं नऊच्या जीपनं येऊ नका.’”

“खूण कंची?”

तिनं मोबाईल त्याच्यापुढे धरला.

जीप लागली. दोघं रांगेतून बाजूला झाली.

मागून कुणीतरी माझ्या पाठीला हात लावला.

“बसा की ओ, नऊ वाजले.”