येसूबाईंचा आकडा

धसईच्या स्टँडवर मुरबाडच्या एसटीची वाट बघताना दीप्तीच्या कानावर शेजारचं बोलणं पडलं. भाजी विकणाऱ्या येसूबाई आणि बँकेत नोकरीला असलेला त्यांचा भाचा रत्नदीप बोलत होते.

“आत्या, मोबाईल म्हणतो, म्हातारपण सुखात काढायला तुला चाळीस लाख लागतील.”

“त्याला ईचार, धसईत राहिलाय का कधी?”

“अगं, हिशेब आहे तो.”

“मंग माझा पण ऐक. घर माझं. एकटीला महिन्याला चार हजार पुरतात. औषधाला हजार धर.”

“आणि महागाई?”

“ती धरली ना! नऊ लाख पोस्टात हायेत, महिन्याला साडेपाच हजार व्याज येतं. वर दोन लाख निराळे ठेवलेत. दहा वर्षं त्यांना हात नाय लावायचा.”

“अकरा लाख? कधी जमवलेस?”

“चोवीस वर्षं लागली. पयल्यांदा रोजचे दहा रुपये टाकायची. तुझा बाप हसायचा, म्हणायचा, येसू, उडायला ईमान घेतेस काय?”

“बाबांना सांगितलंस?”

“आज सांगणार. आधी मुरबाडच्या बाजारातली जागा सोडून येते. शेवटची टोपली काल विकली.”

“मग उद्या काय करशील?”

“सात वाजेस्तोवर निजणार. साठ वर्षांत कधी जमलं नाय.”

एसटी आली. दीप्ती मुद्दाम येसूबाईंच्या शेजारी जाऊन बसली.

“मावशी, मी तीस वर्षांची आहे. मला किती लागतील?”

“सरक गो जवळ. पयलं सांग, महिन्याचा खर्च किती?”