हॉर्न आणि कावळा

जुनी गाडी घेताय ना, मग माझं एक ऐकून ठेवा. नव्या गाडीसाठी तेव्हा वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. सुमनला, माझ्या बायकोला, दवाखान्यात न्यायला बरी म्हणून मी एक जुनी गाडी घेतली. ती म्हणाली, "नको हो, दुसऱ्याचं दुखणं कशाला घरात आणता?" मी ऐकलं नाही. महिन्याभरात सुमन गेली.

दहाव्याला त्याच गाडीतून रामकुंडावर गेलो. गाडी लावली आणि हॉर्न अडकला. किल्ली काढली तरी बोंबलतच राहिला. इकडे पिंड मांडलेला, पण त्या आवाजानं एकही कावळा जवळ येईना. मेहुणा बॉनेट उघडून वायरींच्या गुंत्यात हात घालून बसला.

अर्ध्या तासानं गुरुजी म्हणाले, "बाईंच्या मनात काही राहिलंय का? बोला."

"मुलांना काही कमी पडू देणार नाही," मी म्हणालो. कावळे झाडावरच.

सासूबाई रडत म्हणाल्या, "जावईबापू, तिला ती गाडी नको होती हो."

मी हात जोडले. "सुमन, गाडी विकतो."

हॉर्न थांबला. लगेच कावळा उतरला, पिंडाला शिवला. सासूबाईंनी डोळे पुसले.

घरी जाताना मेहुणा हळूच म्हणाला, "दाजी, नेमकी तेव्हाच मला हॉर्नची वायर सापडली. तोडून टाकली. गाडी विकायची काही गरज नाही."

त्याच आठवड्यात विकली. बावीस वर्षांच्या संसारात तिचं एक तरी ऐकलं, एवढंच मला स्वतःला सांगायचं होतं.